उघडा कोपरा

१३ सप्टेंबर, शनिवार

धुळ्यात हरलो. अकरा गुणांनी.

बास्केटबॉलच्या निमंत्रितांच्या स्पर्धेची फायनल होती आणि हाफ टाइमपर्यंत आम्ही पुढे होतो. मग त्यांच्या नऊ नंबरने लांबून तीन गुणांचे थ्री टाकायला सुरुवात केली. एकाच कोपऱ्यातून, डाव्या. ती उंच नाही, पळतही फार नाही. नुसती रेषेबाहेर जाऊन उभी राहते, बॉल हातात आला की टाकते. बॉल जाळीतून जाताना रिंगला लागतसुद्धा नाही. धुळ्याच्या मुली प्रत्येक थ्रीला बाक बडवत होत्या. मी आमच्या बाकावर पाय लांब करून मोबाइलवर शूटिंग करत होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, पट्टा अजून आहे.

जळगावला परतताना आमचे कोच वायकोळे सर ड्रायव्हरशेजारी बसले. पारोळ्याला जेवायला थांबायचं ठरलं होतं. गाव आलं तेव्हा सारिकाने, ती आमची कॅप्टन, हळूच विचारलं, "सर, थांबायचं ना?"

सर म्हणाले, "जेवण जिंकणाऱ्यांसाठी असतं."

गाडी थांबली नाही. माझ्या शेजारी सपना होती. तिने पिशवीतून सकाळची पोळी काढून सीटखालून माझ्या हातात दिली, माझ्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत म्हणून. सर मागे वळतील या धाकाने मला ती नीट चावताही आली नाही.

एरंडोल मागे पडल्यावर सरांनी मला पुढे बोलावलं. हलत्या गाडीत सीट धरत धरत गेले. म्हणाले, "दिपमाला, पाय गेला तरी डोकं आहे ना तुझं?"

मी म्हणाले, आहे.

"मग ह्या मॅचचा एकेक थ्री बघ. तो कोणामुळे झाला ते मला सांग. पुढच्या महिन्यात हेच धुळं आपल्या कोर्टवर येणार आहे."

ऑपरेशननंतर सर माझ्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलले. आज हरलो, तरी मला वाईट वाटत नाहीये. हे फक्त इथे लिहिते.

१५ सप्टेंबर

दुपारभर वाचनालयात कानात हेडफोन घालून मॅच पाहिली. थांबवायची, मागे घ्यायची, परत लावायची. नऊ नंबरची प्रत्येक चाल आता मला पाठ आहे. टाकण्याआधी ती डावा पाय किंचित मागे घेते.

आम्ही झोन खेळतो. दोघी पुढे, तिघी मागे. मागच्या तिघींपैकी डावीकडे आता सपना असते. आधी तिथे मी होते. तिने टीशर्टही माझाच घातला होता, सात नंबरचा. तिला तो खांद्यात ढगळ होतो. नवीन शिवला नाही, कारण नोव्हेंबरमध्ये मी परत येणार आहे.

त्या जागेवरच्या मुलीला दोन कामं असतात. आत, रिंगखालच्या डीमध्ये कोणी घुसलं तर तिला अडवायचं, आणि बॉल कोपऱ्यात गेला तर धावत बाहेर यायचं. दोन्ही एकदम होत नाही. धुळेवाल्या आधी आत घुसायच्या, सपना आत जायची, की बॉल कोपऱ्यात नऊ नंबरकडे. सपना परत बाहेर पोचेपर्यंत थ्री झालेला.

आज एक गोष्ट सापडली. प्रत्येक थ्रीच्या आधी सरांचा आवाज येतो. "आत. सपना, आत." मोबाइल सरांच्या जवळच होता, म्हणून स्पष्ट येतो. एकदा तर सपना कोपऱ्याकडे निघालेली आहे, सरांचा आवाज येतो, ती थबकते आणि आत वळते. मग थ्री.

म्हणजे चूक कोणाचीच नाही. आत जायचं की बाहेर, एवढा नियमच बदलायला हवा. नऊ नंबर कोर्टवर असेल तेव्हा सपनाने कोपरा सोडायचाच नाही, आतलं मधलीने बघायचं. इतकं सोपं आहे. सरांना कधी दाखवते असं झालंय.

१७ सप्टेंबर

जिमखान्यात सरांना दाखवलं. सर बॉलमध्ये हवा भरत होते. शिपाई उखर्डूभाऊ कोपऱ्यात झाडत होते. हेडफोन आणला नव्हता, म्हणून मोबाइल तसाच लावला. "आत. सपना, आत." मग थ्री. पुढचा. "आत, आत." थ्री. तिसऱ्या वेळी उखर्डूभाऊ झाडू थांबवून हसले.

सरांनी त्यांना बाहेर पाठवलं. मग बराच वेळ पंप मारत राहिले. मी नियम बदलायचं सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "किती वर्षं खेळतेस?"

"सात, सर."

"मी बावीस वर्षं शिकवतोय." बॉल दाबून पाहिला, बाजूला ठेवला. "आवाज बंद करून बघ. पब्लिक ओरडतं, कोच ओरडतो, त्यात माणूस फसतो. मॅच डोळ्यांनी बघायची असते. परत बघ."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जिन्यावरून उतरताना मला रडू येत होतं. एवढा विश्वास टाकला आणि मी त्यांचीच चूक काढायला गेले.

१८ सप्टेंबर

आवाज बंद करून पाहिलं. सर बरोबर होते.

आवाज नसला की फक्त पाय दिसतात. सपना दर वेळी दोन पावलं उशिरा पोचते. पहिलं पाऊल आडवं टाकायच्या ऐवजी ती आधी वळते, मग पळते. मी असते तर वळले नसते. तो सरांचा आवाज मी इतका मनावर घेतला होता की हे साधं दिसलंच नाही.

सपनाने नऊ नंबरचे चार बॉल अडवलेत, तेही दिसले. दोन तर पार बोटांनी उडवलेत. पण ते थ्री झालेच नाहीत. सरांनी झालेले थ्री मागितलेत, त्यामुळे ते कापून ठेवायचं कारण नव्हतं.

सरांना मेसेज केला: आता दिसलं. त्यांचं उत्तर: शाबास.

२० सप्टेंबर, शनिवार

प्रॅक्टिसनंतर सरांनी सगळ्यांना वर्गात बसवलं. प्रोजेक्टर लावला, पडदे ओढले. म्हणाले, "आज दिपमाला शिकवेल."

मी एकेक थ्री दाखवला. आवाज बंदच ठेवला होता. दोन पावलं, आडवं पाऊल, सगळं समजावलं. मी "डावी बाजू" म्हणत होते, नाव घेत नव्हते. सरांनी मध्येच थांबवलं.

"डाव्या बाजूला नाव आहे ना?"

मी म्हणाले, "सपना."

मग सरांनी सपनाला उभं केलं आणि पडद्याजवळ बोलावलं. प्रत्येक थ्री परत लावायला सांगितला आणि तिला म्हणाले, काय चुकलं ते तूच बोल. ती बोलली. "मी उशिरा पोचले." पुढचा. "मी उशिरा पोचले." सर म्हणाले, "मोठ्याने. मागे ऐकू जात नाही." शेवटच्या थ्रीच्या वेळी त्यांनी चित्र थांबवलं, नेमकं तिच्या चेहऱ्यावर. तोंड उघडं, डोळे वर बॉलकडे. "हा चेहरा बघा. ही मुलगी डिफेन्स करतेय का लग्नाची वरात बघतेय?" सगळ्या हसल्या. प्रोजेक्टरचा प्रकाश तिच्या अंगावर पडला होता, त्यामुळे तिचंच तोंड तिच्या टीशर्टवर दिसत होतं.

ती एकदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याच्यात आवाज नाही का?"

मी सांगितलं, आवाजाने माणूस फसतो.

सर माझ्याकडे बघून मान हलवत होते.

२१ सप्टेंबर

सपना बोलत नाही. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहतो. सकाळी तिने नेहमीसारखं माझ्या अंघोळीचं गरम पाणी आणून ठेवलं, बाथरूममध्ये खुर्ची ठेवली, पट्टा सोडून दिला. मी म्हणाले, "मी तुझ्या भल्यासाठीच दाखवलं ना." ती बादली उचलून गेली.

मुली आता तिला "उघडं दार" म्हणतात. सारिकानेच सुरू केलं. मेसमध्ये ती आत आली की कोणीतरी म्हणतं, दार लावा गं. खेळाडूला एवढं मनाला लावून घेऊन चालत नाही. माझं गाव सावदा, म्हणून मला पहिल्या वर्षी सगळ्या "सावद्याची केळ" म्हणायच्या, मी हसायचे.

२४ सप्टेंबर

सरांनी कोपऱ्याची प्रॅक्टिस सुरू केली. सपना डीमध्ये उभी, पाच जणी आळीपाळीने डाव्या कोपऱ्यातून टाकणार, तिने आतून धावत येऊन अडवायचं. बास्केट झाला की तिने ग्राउंडला एक चक्कर मारायची आणि परत यायचं. इकडे टाकणाऱ्या दम खाऊन तयार असतात, ती चक्कर मारून आलेली असते. त्यामुळे पुढचाही होतो.

सरांना मीटिंग होती. त्यांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "पहिलं पाऊल आडवं पडेपर्यंत थांबवायचं नाही. तू मैत्रीण आहेस म्हणून ढिली सोडशील, हे मला माहीत आहे."

मी ढिली सोडली नाही.

शिट्टी वाजवली की सगळ्या थांबतात, परत वाजवली की पळतात. पायाला पट्टा बांधून खुर्चीत बसलेल्या माणसाचं कोणी एवढं ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. सपना दोनदा म्हणाली, "दीपा, पाणी." मी म्हणाले, आडवं पाऊल टाक, मग पाणी. ऊन फार होतं. नंतर ती हँडबॉलच्या खांबाला धरून ओकली आणि तिथेच बसली. उखर्डूभाऊंनी रिक्षा आणली. दवाखान्यात सलाइन लावलं.

शेवटच्या चार-पाच वेळा पाऊल आडवं पडत होतं. सरांना तसं सांगितलं.

२५ सप्टेंबर

आईचा फोन. "दसऱ्याले ये वं. पायाले बरं वाटते का?" म्हणाले, बरं आहे, पण सुट्टी नाही, संघाचं माझ्यावर आहे. तिला काही समजलं नाही. म्हणाली, "तू तं खेळत नाही ना आता?"

२९ सप्टेंबर

आज सपना बोलली. बोलली नसती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी पलंगावर बसून पायाचे व्यायाम करत होते. ती समोर येऊन उभी राहिली. "दीपा, तुझा पाय कधी गेला?"

"शिरपूरच्या मॅचला. तुला माहीत नाही का?"

"शिरपूरच्या आधीच गेला होता. प्रॅक्टिसला पडलीस तेव्हा."

मी म्हणाले, तेव्हा नुसती सूज होती. एमआरआय काढला होता. रिपोर्ट आणायला तूच तर गेली होतीस सरांबरोबर.

"म्हणूनच सांगते. डॉक्टर म्हणाले होते, लिगामेंट अर्धं तुटलंय, हिला खेळवू नका. उरलेलंही तुटेल. बाहेर आल्यावर सर म्हणाले, तिला सूज सांगू, शिरपूर झालं की बघू. आणि मला म्हणाले, तू मध्ये बोलू नको."

माझा पाय तसाच वर राहिला. मी विचारलं, "आणि तू बोलली नाहीस?"

"तू बसलीस तर तुझी जागा मला मिळणार होती. मी सांगितलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, जागेसाठी बोलते. तुलाही वाटलं असतं."

"मग आता कशाला बोलतेस? आता जागा जातेय म्हणून?"

ती दार ओढून घेऊन गेली आणि एरवी ती रोज धुऊन ठेवते ते माझं टॉवेल-पट्टीचं सामान आज पहिल्यांदा तसंच पडून राहिलं.

सर असं करणार नाहीत. शिरपूरला मी पडले तेव्हा सरांनी मला स्वतः उचलून बाहेर आणलं होतं. त्यांचा शर्ट माझ्या घामाने भिजला होता. असा माणूस माहीत असताना खेळवेल का? सपनाला राग काढायचाय, तो ती असा काढते.

पण ती रडत नव्हती. खोटं बोलताना ती नेहमी आधीच रडते.

३० सप्टेंबर

सरांना विचारलं. विचारायला नको होतं.

ते कोर्टच्या कडेला खडूने रेषा आखून घेत होते. मी सपना जे म्हणाली ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. रेषा पुरी केली, हात झटकले आणि म्हणाले, "शिरपूरच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे आली होतीस. काय म्हणालीस?"

मी म्हणाले, "सर, मला खेळायचंय."

"किती वेळा म्हणालीस?"

"खूप वेळा."

"मग?"

खरंच म्हणाले होते. मी सॉरी म्हणाले. सर म्हणाले, "मला वाईट कशाचं वाटतं सांगू? ती आज माझ्याबद्दल हे बोलते, उद्या संघाबद्दल बोलेल. अशी मुलगी संघात असावी का? तू सांग. मी काही म्हणत नाही. तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस."

मी म्हणाले, "नको."

"ठीक आहे. तू म्हणतेस तर."

१ ऑक्टोबर

सपना गेली. हॉस्टेलची जागा खेळाडूंच्या कोट्यातली, संघात नाही तर जागाही नाही. सरांनी रेक्टर मॅडमना तसं कळवलं होतं. उद्या दसरा असल्याने हॉस्टेल अर्धं रिकामं होतं, त्यामुळे फार कोणी बघायला नव्हतं.

तिचे वडील न्यायला आले होते, यादवकाका सुरवाडे. चाळीसगावला रेल्वेत आहेत. मुलींच्या खोलीत यायचं नाही म्हणून ते खाली व्हरांड्यातच थांबले. मी कठड्याला धरून उभी होते. मला पाहून उठले.

"बेटा, तू दिपमाला ना? तुनं नाव रोज निघस आमना घरमा." मग आवाज बारीक करून म्हणाले, "तू तिनी मैतरीन शे. तिनं काय चुकनं ते तूच सांग माले. पोर काहीच बोलस नही."

मी त्यांना आडव्या पावलाचं सांगितलं. ती आधी वळते, मग पळते, त्यात दोन पावलं जातात. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "मंग हाई शिकाडता नही येत का?"

तेवढ्यात सपना खाली आली. त्यांनी विचारलं, "बठ्ठं सामान लई लिधं का?" तिने मान हलवली. माझ्या समोरून गेली. सात नंबरचा टीशर्ट धुऊन, घडी करून माझ्या उशीवर ठेवला होता.

६ ऑक्टोबर

गुडघा दाखवायला गेले होते. एकटीच. रिक्षात चढताना पट्टा अडकला.

डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबर विसर. पुढच्या वर्षी चालणं-पळणं नीट झालं तर खूप झालं. मग विचारलं, "पहिल्यांदा पडलीस तेव्हा एमआरआय केला होता का? ऑपरेशन करताना आत जुनी फाट दिसली होती. त्याच्यावर कोणी खेळायला सांगितलं?"

मी म्हणाले, तेव्हा फक्त सूज होती.

ते लिहीत राहिले. महिन्याभराने आतली कोणती फाट कधीची हे त्यांना तरी नक्की कसं कळणार.

खोलीत आता रात्रीचं दार मलाच उठून लावावं लागतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज धुळं आमच्या कोर्टवर आलं. तेवीस गुणांनी हरलो.

सपनाच्या जागी हर्षदा होती. पहिल्या वर्षाची, जामनेरची, उंच. तिला मी दहा दिवस आडवं पाऊल शिकवलं होतं आणि तिचं पाऊल खरंच आडवं पडत होतं. पण ती आतच असायची. सर "आत" म्हणायचे, ती आत जायची आणि तिथेच थांबायची. बाहेर यायचं तिला सुचायचंच नाही. नऊ नंबर कोपऱ्यात एवढी निवांत होती की एकदा बॉल येईपर्यंत तिने केसांचं रबर नीट केलं. दुसऱ्या हाफमध्ये मी थ्री लिहिणं सोडून दिलं.

शिट्टी झाल्यावर नऊ नंबर स्वतःहून बाकाजवळ आली. घाम पुसत म्हणाली, "तुमची ती सात नंबरवाली कुठंय?"

"का?"

"धुळ्याला तिने मला नुसतं पिडलं होतं. आत जाऊन परत यायची, कशी यायची कुणास ठाऊक. माझे निम्मे बॉल तिनेच घालवले. आमचे सर म्हणाले होते, ती असेल तर कोपरा सोड आणि दुसरीकडून टाक. आज बघते तर नाहीच." मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाली, "तुला लवकर बरं वाटू दे."

जिंकल्यावर माणूस असं बोलतोच. आमच्यात फूट पाडायला बोलली असेल. पण ते चार अडवलेले बॉल दिवसभर डोळ्यांसमोर येतायत.

१३ ऑक्टोबर

प्राचार्य मॅडमनी बोलावलं होतं. सर आधीच आत होते.

सपनाच्या वडिलांनी फोन केला होता. पोरगी सलाइनवर कशी गेली, मुली तिला काय म्हणायच्या, हॉस्टेल का सोडावं लागलं, सगळं विचारलं होतं. शिवाय शनिवारचा निकाल. मॅडम म्हणाल्या, "वायकोळे सर, हे काय प्रकरण आहे?"

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी मुलींवर विश्वास टाकला. विश्लेषण दिपमालाने केलं. त्या दिवशी शिट्टी तिच्याकडे होती, मी मीटिंगमध्ये होतो, ग्राउंडवर नव्हतो. सपनाला संघात ठेवावं का, हे मी हिलाच विचारलं होतं. ही नको म्हणाली. दोघींचं आपसात काही असेल, तर मला ते ओळखता आलं नाही. ती माझी चूक."

मॅडमनी मला विचारलं, "हे खरं आहे?"

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी हो म्हणाले. मॅडम म्हणाल्या, चौकशी समिती बसेल. तिसऱ्या वर्षाला आहेस, दाखल्यावर काय लिहायचं ते समिती ठरवेल. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, तसं मी कधी कोणाकडे बघितलं नसेल. निदान मला तसं वाटतं.

बाहेर आल्यावर सरांनी खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको. तुझं नाव घेतलं ते तुझ्याच भल्यासाठी. विद्यार्थ्यावर कोणी फार कारवाई करत नाही. माझं मात्र विद्यापीठाच्या संघाचं कोचपद जाईल, मग तुम्हा मुलींसाठी कोण भांडणार?" थोडं पुढे जाऊन म्हणाले, "सपना स्वतः म्हणाली की घरच्या अडचणीमुळे सोडलं, तर विषयच संपतो. मी तिला फोन करणं बरं दिसणार नाही. तुझी मैत्रीण आहे."

शिट्टी परत मागितली. मी गळ्यातून काढून दिली.

आज मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. हर्षदाही नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

चाळीसगावला जाऊन आले.

गाडीत बसायला जागा मिळाली, पण पूल चढताना फार वेळ गेला. रेल्वेच्या क्वार्टर्स विचारत विचारत गेले. दार सपनाच्या आईने उघडलं, द्रौपदाबाई. काका ड्यूटीवर होते. सपना मेथी निवडत बसली होती. मला पाहून उठली, एक खुर्ची बसायला दिली आणि दुसरी पाय ठेवायला समोर सरकवली. पाणी आणलं. मग परत मेथी निवडायला बसली.

मी सगळं सांगितलं. समिती, दाखला, सरांचं कोचपद. तिने एकदाही मध्ये अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलायचं."

"खोटं कशाला? घरची अडचण म्हणायचं."

"तुला सरांनी पाठवलं?"

"नाही. मी माझ्या मनाने आले."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली, हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि फोन घेतला. माझ्या समोरच लावला. "मॅडम, सपना सुरवाडे बोलतेय. बाबांनी फोन केला होता, त्यांना पूर्ण माहिती नव्हती. मी माझ्या मनाने सोडलं. नाही, कोणी त्रास दिला नाही. सरांनी नाही. दिपमालानेही नाही." शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून बोलली. आवाज अगदी साधा होता, जसा हजेरीला असतो.

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "हाई खरं शे का?"

सपना म्हणाली, "हा."

आई वळली. आत जाऊन ताट वाढून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "जेवी ले. लांबथीन उनी." आणि आत निघून गेली, परत बाहेर आली नाही. मला खरंच भूक लागली होती. मी जेवले.

जेवताना सपनाने विचारलं, "जळगावच्या मॅचचे थ्री बघितलेस का?"

"हो."

"कोण चुकलं?"

"हर्षदा. ती बाहेर येतच नाही."

सपना हसली. इतक्या दिवसांनी हसली म्हणून मला बरं वाटलं. वाटलं, आता होईल सगळं नीट. मी तिला म्हणाले, बाहेरून परीक्षा दे, मी नोट्स पाठवते. ती म्हणाली, बघू.

निघताना ती दारापर्यंत आली. रिक्षा तिनेच थांबवली. मी आत बसल्यावर म्हणाली, "दीपा, आता परत येऊ नको."

माझ्या पायाला प्रवासाचा त्रास होतो ना, म्हणून म्हणाली असेल.

स्टेशनवर बसून सरांना मेसेज केला: काम झालं. गाडी पाचोरा सोडेपर्यंत उत्तर आलं नाही, मी सारखा मोबाइल काढून बघत होते. मग त्यांनी एक अंगठा पाठवला.